एक ढक्कन जास्त

आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. मला वाटतं ती पायाला नाही, हाताला आहे. भाकरी तव्यात पडली की फुगायच्या आत मी ती तीनदा उलटते. कुणी कुलूप लावून निघालं की मागून जाऊन ते ओढून बघते. असल्या बाईनं शेळ्या पाळाव्यात, कोंबड्या पाळाव्यात, मधमाशा पाळू नयेत. मी पाळल्या. खोडदला आमच्या विहिरीशेजारी शेवग्याच्या सावलीत माझ्या बारा पेट्या होत्या. झाकण आठवड्यातून एकदा उघडायचं, तेही काम असलं तर, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी रोज उघडायचे. आमचे हे मोटारी रिवाइंड करतात. ते वर्कशॉपच्या दारातून बघायचे आणि म्हणायचे, "अगं, त्यांना संसार करू दे की जरा. सासू बी एवढी भांडी उघडून बघत न्हाई."

मी म्हणायचे, "तुमी तुमची तार गुंडाळा."

आता जे सांगायचं आहे ते त्या बारा पेट्यांचं आणि माझ्या धाकट्या भावाचं. तो आण्याला असतो, वर पठारावर, माझ्या माहेरी. तीन वर्षांपूर्वी त्यानं पहिल्यांदा थोड्या रानात कांद्याचं बी धरलं. बी धरायचं म्हणजे निवडलेले कांदे पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलतात आणि गोंड्यात काळं बी भरतं. पण माशी बसली तरच भरतं. म्हणून मी दोन पेट्या त्याच्या बांधावर नेऊन ठेवल्या. आणि या शहाण्यानं ऐन फुलात, भर दुपारी, फुलकिड्यांवर औषध मारलं. नुसतं मारलं नाही, बाटलीवर लिहिलेल्या मापापेक्षा एक ढक्कन जास्त टाकून मारलं.

आमच्याकडे ही रीतच आहे. बाटलीवर काही का लिहिलेलं असेना, माणूस पंपात औषध ओततो, मग ढक्कन पुन्हा भरतो, इकडंतिकडं बघतो आणि तेही ओततो. 'असू दे, नड नको.' द्राक्षाला तेच, टोमॅटोला तेच, कांद्याला तेच. माझ्या वडिलांनी केलं, शेजाऱ्यांनी केलं, लग्नाआधी पाठीवर पंप घेऊन मीही केलं आहे.

दोन्ही पेट्यांपुढं माशांचा खच पडला. त्या दिवशी भावाला मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आईबापाचा उद्धार तेवढा करता येईना, कारण आईबाप एकच. शेवटी ओसरीवरची अर्धी राहिलेली बाटली मी उचलली, पिशवीत घातली आणि म्हणाले, "ही माझ्या घरी राहू दे. तुझ्या हाताला माप न्हाई." तो खाली मान घालून बसला. तो बोलत नाही. लहानपणापासून त्याच्या वाटचंही मीच बोलत आले आहे.

पुढं दीड-पावणेदोन वर्षं त्यानं बियाचा विषय काढला नाही. मग एका भाऊबीजेला आमच्याकडे आला. ओवाळून झालं, निरांजन अजून माझ्या हातात होतं, आणि पाटावर बसल्या बसल्याच म्हणाला, "आक्का, औंदा सगळ्या रानात बी धरलंय. फुलात फवारा मारणार न्हाई. तुझ्या बाराच्या बारा पेट्या पायजेत."

भाऊबीजेला भावानं ओवाळणी घालायची असते, यानं मागितली. मी म्हणाले, दिल्या. सगळं रान तो माझ्या शब्दावर लावून बसला आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि खरं सांगते, छाती फुगली होती माझी.

डिसेंबरात एका सकाळी पेटीपुढच्या मातीत एक माशी चालताना दिसली. उडत नव्हती, चालत होती. बोटावर घेतली तर तिचे पंख चुरगळलेले. मग तिच्यामागं दुसरी, तिसरी. मी तेल चोळलेला कोरा कागद पेटीच्या तळाशी जाळीखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवशी काढून बघितला. त्यावर तांबूस ठिपके होते, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, चपटे. चष्मा लावला तर त्यांचे पाय हलत होते.

माइट. आम्ही तिला माशीची गोचीड म्हणतो. गुराला गोचीड लागते तशी ही माशीच्या अंगाला चिकटते. पण तिचा खरा घात आत असतो. पिल्लाच्या कोठडीवर मेणाचं झाकण बसायच्या जरा आधी ही आत घुसते, आणि झाकण बसलं की आत निवांत त्या पिल्लावर जगते आणि स्वतःची पोरं वाढवते. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. पेटी भरलेली, माशांची ये-जा चालू. महिन्या-दोन महिन्यांत तीच पेटी रिकामी होते.

पावसाळ्याआधी आंबेगाव तालुक्यातल्या एका माणसाकडून मी दोन पेट्या आणल्या होत्या. आधी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग आठवलं, नव्या पेट्या पंधरा दिवस तरी लांब ठेवायच्या असतात, आणि मी त्या आणल्या त्याच संध्याकाळी ओळीत लावून मोकळी झाले होते. दम कुठं होता मला.

सुरुवात साध्या उपायांनी केली. घरी दळलेली पिठीसाखर चाळणीनं माशांवर भुरभुरायची. माशा पांढऱ्या होतात, एकमेकींचं अंग साफ करायला लागतात, त्या गडबडीत गोचिडीचे पाय सुटतात आणि ती जाळीतून खाली कागदावर पडते. मग नरांच्या कोठड्या. नराचं पिल्लू बंद कोठडीत जास्त दिवस राहतं म्हणून गोचिडीला तेच जास्त मानवतं. तेव्हा एका चौकटीत नरांचं पोळं मुद्दाम बांधू द्यायचं आणि झाकणं बसली की कापून टाकायचं. पहिल्यांदा कापताना माझा हात अडखळला, आतली पिल्लं पांढरीफेक आणि ओली होती. शेजारच्या कोंबड्यांना असलं काही वाटलं नाही. चार दिवसांत मी सुरी घेतली की त्या कुंपणाशी हजर.

तिसरा उपाय ओव्याच्या फुलाचा, म्हणजे ओव्याच्या अर्काच्या खड्यांचा. जुन्नरच्या पेठेत काष्ठौषधीचं एक जुनं दुकान आहे. तिथले चाचा सत्तरीचे असतील. त्यांचा तराजू एवढासा, सोनाराचा असावा तसा, आणि पारडं सरळ झाल्याशिवाय पुडी बांधायची नाही हा त्यांचा नेम. मी म्हणाले, "चाचा, चिमूटभर वर असू द्या." ते म्हणाले, "बेटी, चिमूट पाहिजे तर दुसऱ्या दुकानात मिळेल. माझ्याकडे माप मिळतं." पुडी घेऊन आले, त्यातले खडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून पेट्यांत ठेवले. विहिरीवर सगळीकडे पोटदुखीच्या औषधाचा वास सुटला. आमचे हे म्हणाले, "का गं, अजीर्ण झालंय का माशांना?"

गोचीड पडत होती, पण संपत नव्हती. रोज सकाळी चहाच्या आधी मी कागद ओढायचे आणि ठिपके मोजायचे. एखाद्या दिवशी कमी निघाले की जीव भांड्यात पडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. थंडी कडक पडली होती आणि ओव्याचं फूल थंडीत पुरतं उडत नाही, खडे जसेच्या तसे राहायचे. मला जेवण जाईना. समोरच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांची तोंडं सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे फिरलेली असायची, आणि मी तिथंच, गुडघ्यावर कागद घेऊन. त्यात आण्याहून फोन आला. "आक्का, दांडं वर आलं. पंधरा दिसांत गोंडं फुटत्याल."

मग मी प्रशिक्षणातल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आता फॉर्मिक आम्ल द्या. लाल मुंगी चावल्यावर जी आग होते, त्यातलंच हे आम्ल. याची वाफ मेणाच्या झाकणातूनही आत शिरते आणि बंद कोठडीतली गोचीड मारते. "पण वाफ जास्त झाली तर राणीही मरेल," बाईंनी बजावलं. "छोट्या बाटलीचं एक ढक्कन, कापसाच्या घडीवर, चौकटींच्या वर. पेटीचं दार पूर्ण उघडं. आणि एकदा ठेवलं की झाकण उघडून बघायचं नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे."

चाचांनी ते पुण्याहून मागवून दिलं. माझ्या देखत छोट्या बाटलीत भरलं, बारा पेट्यांची बारा ढक्कनं, मोजून.

जानेवारीतली ती सकाळ लई गार होती. गवतावर दव, बोटं वळत नव्हती. हातमोजे घातले, गॉगल लावला, तोंडाला ओलं फडकं बांधलं. पहिल्या पेटीत कापसाची घडी ठेवली, त्यावर एक ढक्कन ओतलं. थोडं थांबून नाक जरा जवळ नेलं. म्हणावा तसा झणका येईना. मनात आलं, ओव्याचं फूल या थंडीत उडालं नाही, हे तरी काय उडणार? पेटीत गोचीड शिल्लक राहिली आणि आण्याला जाऊन पेट्या रिकाम्या झाल्या तर? ढक्कन पुन्हा भरलं. इकडंतिकडं बघितलं. विहिरीवर कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी बघितलं.

असू दे, नड नको.

सहा पेट्या झाल्या आणि बाटली संपली. सातव्या पेटीवर ती उपडी केली तर एक थेंब पडला. निदान तिथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. मला एवढंच सुचलं की दुसरी बाटली आणायला हवी. स्कूटी काढली आणि जुन्नर गाठलं. एरवी दिवसातून दहा वेळा झाकण उघडणारी मी, त्या दिवशी मात्र बाईंचा शब्द पाळल्याच्या तोऱ्यात होते.

पेठेत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. स्वेटर काढून कमरेला बांधला. चाचा पुडी बांधत होते. मी रिकामी बाटली पुढं ठेवली.

"बारा ढक्कनं होती," ते म्हणाले. "बारा पेट्या झाल्या?"

"सहा झाल्या."

त्यांनी पुडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग दुकानाबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. "घरी जा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

वाटेतल्या नारायणगावच्या गर्दीतून मी कशी आले ते मला आठवत नाही. विहिरीवर पोचले तर त्या सहाही पेट्यांच्या तोंडाशी माशांचे घोसच्या घोस बाहेर लटकलेले. आत उभं राहवत नव्हतं त्यांना. वाफेनं डोळ्यांत पाणी आलं. मी उघड्या हातानंच कापसाच्या घड्या ओढून काढल्या, बोटांना फोड आले ते नंतर कळलं. पुढचे दोन दिवस एकेक चौकट बघत राण्या शोधल्या. चार तळाशी मेलेल्या सापडल्या. दोन सापडल्याच नाहीत. कोठड्यांतली पिल्लंही काळवंडली. गोचीड मेली हेही खरं, कागद तांबडा झाला होता. राणीसकट मेली.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. भावाला ओसरीवर उभं करून जे जे बोलले होते, त्यातला एकेक शब्द माझ्याकडे परत आला. यांनी माझ्या हाताला मलम लावलं आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं.

उरलेल्या माशा तरी वाचवायच्या होत्या. ज्या सहा पेट्यांना बाटली पुरली नव्हती, त्या धडधाकट होत्या. त्यांच्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि बिनराणीच्या माशा चौकटींसकट वर ठेवल्या. दोन-तीन दिवसांत माशा कागद कुरतडून एक होतात. तोवर एकमेकींचा वास ओळखीचा झालेला असतो, भांडण होत नाही. या सहा पेट्यांना आम्ल द्यायची माझी छाती झाली नाही. पिठीसाखर आणि सुरी, एवढ्यावरच भागवलं.

मधल्या दिवसांत भावाचे तीन फोन आले. "आक्का, गोंडं फुटाया लागलं. कवा आणतीस?" मी एकदा म्हणाले थंडी आहे, एकदा म्हणाले पिकअपवाला गावाला गेला आहे, आणि एकदा फोन उचललाच नाही. माणूस मारल्यासारखी मी घरात वावरत होते. शेवटी हे म्हणाले, "उद्या सांगशील, परवा सांगशील. तुझ्यासाठी गोंडं थांबणार हायेत का?"

संध्याकाळी सगळ्या माशा आत आल्यावर पेट्यांची दारं बंद केली, पहाटे पिकअपमध्ये चढवल्या, आणि बेल्ह्यावरून आणे घाट चढून उजाडायला रानात पोचले. भाऊ आणि भावजय बांधावर उभे होते. मागं सगळं रान पांढरं फुललेलं. त्यानं बारा पेट्यांसाठी बारा ठिकाणी दगड मांडून ठेवले होते, सारख्या अंतरावर, प्रत्येकावर फळी.

सहा पेट्या उतरल्या. त्यानं पिकअपमध्ये डोकावून बघितलं. "बाकीच्या मागनं येत्यात व्हय?"

"न्हाई," मी म्हणाले. "त्या मेल्या. मीच मारल्या. एक ढक्कन सांगितलं व्हतं, मी दोन टाकली."

तो वळला आणि घराकडं चालायला लागला. भावजय म्हणाली, "वन्सं, च्या घ्या आधी," पण तिचाही आवाज बारीक झाला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात औषधाची बाटली होती. त्यानं ती माझ्या हातात दिली. नवी होती, बूच फिरवलेलं नव्हतं.

"फुलकिडं दिसलं तवाच आणली," तो म्हणाला. "शेजारी हसत व्हतं, बी घालवशील म्हनून. सील बी न्हाई तोडलं." मग म्हणाला, "मी तुझं ऐकलं, आक्का. तूच न्हाई ऐकलंस."

मी त्या बाटलीकडं बघत उभी राहिले, पेट्या उघडायच्या आहेत हेही विसरले. दारं त्यानंच उघडली.

मी खोडदला परतले नाही, बी हाती येईपर्यंत तिथंच राहिले. रोज दव सुकलं की आम्ही तिघं दोन्ही हातांना जुनं मऊ कापड गुंडाळून रानात शिरायचो आणि या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हात फिरवत जायचो. माशी जे करते ते हातानं करायचं. पेट्यांच्या बाजूला माशांची लगबग असायची, रानाच्या पार दुसऱ्या टोकाला आमची. माझा हात पळायचा. भावजय मागून म्हणायची, "हळू, वन्सं, फूल झडतंय." मी हळू करायचे, तास-अर्धा तास. मग पुन्हा तेच. दर पाचव्या दिवशी पेट्यांना पिठीसाखर असायची, तेव्हा भाऊ चाळणी धरून शेजारी बसायचा. त्याला माशा चावायच्या नाहीत. मला चावायच्या.

गोंडे वाळल्यावर झोडपणी झाली. पेट्यांकडच्या अर्ध्या रानात गोंडे गच्च भरले होते. दुसऱ्या अर्ध्यात हाताला पोकळ लागत होते, चोळले की फोलच जास्त उडायचं. आम्ही तीन आठवडे फिरवलेल्या हातांनी थोडंच भरलं होतं. भावानं दोन्हीकडचं बी वेगळ्या ताडपत्रीवर वाळत घातलं. एक मोठा काळा ढीग आणि एक बारका. मला दाखवायला म्हणून नव्हे, ओलीचा फरक होता म्हणून. मी मात्र दिवसभर त्या दोन ढिगांमधून ये-जा केली. परत निघताना भावजयीनं ओटी भरली. भाऊ पिकअपमध्ये पेट्या चढवत होता, त्यानं विचारलं, "फुडल्या साली पेट्यांत औषध कवा टाकशील?" मी म्हणाले, जानेवारीत. तो बरं म्हणाला.

सहाच्या आठ पेट्या झाल्या. यंदा जानेवारीत पुन्हा कागदावर ठिपके वाढले, पुन्हा बाईंना फोन झाला, पुन्हा चाचांकडे गेले. बाटली दहा ढक्कनांची मागितली. चाचांनी विचारलं, पेट्या किती? मी म्हणाले, आठ, पण सांडलं तर असावं. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर मोटारसायकलचा आवाज आला. मी भावाला बोलावलं नव्हतं. यांनी फोन केला होता की त्यानंच दिवस धरला होता, दोघंही सांगत नाहीत. त्यानं चपला काढल्या, माझे हातमोजे स्वतः घातले, आणि म्हणाला, "कुठंय?"

मी झाकण उघडायचे, तो ओतायचा. ढक्कन डोळ्यासमोर धरायचा, काठोकाठ झालं की ओतायचा, आणि पुढच्या पेटीकडं जायचा. एक, आणि पुढं. मधे एकदा मी म्हणाले, "आज गारठा जास्तच हाय, न्हाई का?" तो पुढच्या पेटीकडं गेला.

आठ झाल्या. बाटलीत दोन ढक्कनं उरली होती. माझा हात आपोआप पुढं गेला, शपथेवर सांगते, मी पाठवला नव्हता. त्यानं तो बघितला. बूच घट्ट लावलं, बाटली दोन फडक्यांत गुंडाळली, मोटारसायकलच्या बाजूच्या डिकीत उभी ठेवली आणि कुलूप लावलं.

"ही माझ्या घरी राहू दे," तो म्हणाला.

पुढचं वाक्य मला पाठ होतं, त्याच्या ओसरीवर मीच ते बोलले होते. मी वाट बघत उभी राहिले. ते तो बोलला नाही. चपला घातल्या, गाडीला किक मारली आणि बेल्ह्याच्या रस्त्याला लागला.